कोपरखैरण्यात नऊ आठवडे, संध्याकाळी माणसं कुठं भेटतात?

मांजराकाठची
२४ मे, रात्री १०:५०

नमस्कार सगळ्यांना. मी लातूरची, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष झालं, महापेला एका कंपनीत इंटर्नशिप लागलीय १८ मे ते १७ जुलै. कोपरखैरण्यात मुलींच्या पीजीत राहायलेय, रूममध्ये आम्ही तिघी, त्यातली एक रात्रपाळीला जाते म्हणजे मी जागी तेव्हा ती झोपलेली, आणि दुसरी दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला घरी. ऑफिसातले लोक चांगले आहेत, समजावून सांगतात, पण सहा वाजले की जो तो आपापल्या गाडीला पळतो, कुणाला डोंबिवली गाठायची कुणाला पनवेल, त्यांचं पण बरोबरच आहे. मी साडेसहाला रूमवर. मग भिंत, पंखा आणि मोबाईल.

आज रविवार म्हणून वाशीच्या मॉलमध्ये गेले, दोन तास फिरले, एक ज्यूस घेतला आणि परत आले. दिवसभरात किती माणसांशी बोलले ते रात्री मोजलं तर दोन, एक रिक्षावाले काका आणि एक मेसवाल्या काकू. आमच्याकडं गंजगोलाईत नुसतं दोरा आणायला गेलं तरी चार ओळखीचे भेटतात. आईला फोनवर सांगितलं मस्त चाललंय म्हणून, ते सांगताना घसा भरून आला.

स्टायपेंड बारा हजार आहे, पीजीचे साडेसात जातात, गेट रात्री १० ला बंद. बघायच्या ठिकाणांची यादी सगळीकडं मिळते, पण ठिकाण बघून झाल्यावर बोलू कुणाशी? जे असे बाहेरून येऊन राहिलेत त्यांनी काय केलं ते सांगा प्लीज.


पामबीच_सकाळ
२४ मे, रात्री ११:१५

अगं आधी फ्लेमिंगो बघून घे, ते कुणासाठी थांबत नाहीत! मे संपत आलाय, जे उरलेत ते पण पावसाच्या आधी निघून जातील. सीवूड्सला उतरून टी. एस. चाणक्यच्या, म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या, मागच्या पाणथळीत जायचं. जाताना पनवेल गाडीत बस, वाशी गाडीत बसलीस तर तुर्भ्यानंतर ती सानपाड्याकडे वळते. आणि हो, मोबाईलवर स्टेशन शोधताना नेरूळ आणि नेरळ नीट बघ, नेरळ तिकडे कर्जत लाईनला माथेरानखाली आहे, नवीन माणसं हमखास फसतात.

मी दर शनिवार-रविवार सकाळी नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईला चालायला असते, होल्डिंग पॉन्डच्या कडेने ट्रॅक आहे, तिथे तुझ्या वयाची धावणारी पोरं-पोरी भरपूर दिसतात.


आगरी_पोर_घणसोली
२४ मे, रात्री ११:४०

पक्षी बगाला जायचं तर भरती बघून जा ताई. ओहोटीला ते लांब खाडीच्या चिखलान चरतात, काठावरून नुसते गुलाबी ठिपके दिसतात. भरतीला चिखल बुडाला की आत पाणथळीन येऊन बसतात, तवा जवळून दिसतील. आणि भरतीची वेळ काढाला अॅप नको, आमचा आजा मासेमारीला जायचा तो सांगायचा, तिथीला तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. येत्या शनिवारी चतुर्दशी, म्हंजे चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. अर्धा-पाऊण तास मागंपुढं धर. टोपी घाल आणि पानी घेऊन जा, ऊन लय हाय.

दोनच माणसांशी बोलली म्हंतेस ते वाचून वाईट वाटलं. घणसोली एक स्टेशन लांब हाय तुझ्यापासून. आमचे घरी आईला तुझ्याबद्दल सांगितलंय मी.


पीपीओ_पाहिजे
२५ मे, सकाळी ८:०५

थोडं वेगळं सांगतो, राग मानू नये. नऊ आठवडे म्हणजे पंचेचाळीस कामाचे दिवस, त्यातला पहिला आठवडा लॅपटॉप आणि अॅक्सेस मिळण्यात गेलाच असेल. याच दिवसांवर कंपनी ठरवते की पुढच्या वर्षी तुला घ्यायचं का. मी पण मराठवाड्यातलाच, परभणीचा, घरचं कर्ज होतं, मी इंटर्नशिपला एकही सिनेमा पाहिला नाही की कुठे गेलो नाही, रात्री दहापर्यंत कोड लिहायचो आणि नोकरी मिळवली. मित्र आयुष्यभर मिळतात, ऑफर एकदाच येते. शहर नोकरी लागल्यावर पण बघता येतं.


रात्रपाळी
२५ मे, दुपारी १:२०

@पीपीओ_पाहिजे तुझी परिस्थिती मी समजू शकते, खरंच. पण मी ऐरोलीला माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये अकरा वर्षं काम करतेय, दर उन्हाळ्यात आमच्या टीममध्ये इंटर्न येतात, आणि जी मुलं रूम-ऑफिस-रूम करतात ती पाचव्या-सहाव्या आठवड्यात गळून जातात हे मी डोळ्यांनी बघितलंय. अडलेलं विचारत नाहीत, कारण दिवसभर कुणाशी बोलायची सवयच मोडलेली असते. एका मुलीला तर मी घरी पाठवलं होतं चार दिवस, ताप नव्हता काही नव्हतं, फक्त रडत होती.

आता @मांजराकाठची, माझं ऐक. फिरायची ठिकाणं गोळा करू नकोस. एकच जागा पकड, चालत जाता येईल अशी, आणि रोज त्याच वेळेला तिथे जा. पहिले तीन दिवस कुणी बघणार नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी मान हलवेल, आठवड्याने नाव विचारतील. मी अकोल्याहून आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी दर रविवारी नवीन ठिकाणी जायचे आणि दर रविवारी तिथे नवीनच असायचे. पूर्ण एक वर्ष गेलं माझं त्यात.

तुझ्या पीजीजवळ सेक्टर १४ ला निसर्ग उद्यान आहे, पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकायचे, तो बंद करून वर माती घालून बाग केलीय, आता बघितलं तर खरं वाटत नाही. सकाळी सहाला जा. संध्याकाळी गर्दी असते पण ती कुटुंबं असतात, आपापल्यात असतात. सकाळची माणसं रोजची असतात, हा मोठा फरक आहे. आणि ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचं स्मारक आहे, तिथलं ग्रंथालय सुंदर आहे, शनिवारी दुपारी जाऊन बस, एकटी असलीस तरी एकटं वाटत नाही अशी जागा आहे ती.


पारसिक_बोगदा
२५ मे, संध्याकाळी ७:३०

मुली, मी १९८३ साली साताऱ्याहून आयटीआय करून ठाण्यात वागळे इस्टेटच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून आलो तेव्हा असाच होतो. कळव्याला चाळीत सहाजण एका खोलीत, आणि सहाजण असून कुणी कुणाशी बोलायचं नाही कारण सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या. तेव्हा तुमच्या नवी मुंबईला रेल्वेच नव्हती, वाशीला गाडी आली १९९२ ला आणि ठाण्याहून तुर्भ्याकडची लाईन तर २००४ ला सुरू झाली. रविवारी मी ठाण्यात तलावपाळीवर जाऊन बसायचो, मासुंदा तलावाच्या कठड्यावर, एकाच जागी. भेळवाला आधी बोलायला लागला. मग त्याच्याकडे रोज येणारे दोघे. त्यातला एक मला मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन गेला, १८९३ पासूनची संस्था आहे, तिथे वर्तमानपत्र वाचत बसायचं आणि सात वाजता चहाला बाहेर पडायचं. तो माणूस पुढे माझा व्याही झाला.

ठाण्याला ये एखाद्या रविवारी. ट्रान्सहार्बरची, म्हणजे तुझ्या लाईनची, गाडी नऊ-दहा नंबरच्या बाजूला लागते, तिथून पश्चिमेला बाहेर पड, चालत दहा मिनिटांत तलावपाळी. हे देशातलं सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी एक, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथेच आली. मामलेदारची मिसळ खा पण पहिल्यांदा कमी तिखट सांग. गडकरी रंगायतनला काय प्रयोग लागलाय ते बघ, बाल्कनीचं तिकीट परवडतं, आणि मध्यंतरात बटाटावड्याच्या रांगेत उभं राहिलं की शेजारचा माणूस नाटकाबद्दल बोलतोच, न बोलणारा ठाणेकर मी अजून पाहिलेला नाही.


मांजराकाठची
३१ मे, रात्री ९:१०

सगळ्यांना मनापासून थँक्यू. एवढे रिप्लाय येतील असं वाटलं नव्हतं, मी ऑफिसच्या बसमध्ये वाचत होते आणि शेजारच्या मॅडमनी विचारलं काय झालं, त्यांना दाखवलं, त्या म्हणाल्या मी पण ऐरोलीच्या ग्रंथालयात जाते, म्हणजे एक ओळख तर धाग्यामुळंच झाली.

काल साडेदहाला पाणथळीवर गेले. दादा तुमच्या आजोबांचं गणित एकदम बरोबर, मी पोचले तेव्हा थोडेच होते आणि अकराच्या सुमारास खाडीकडून थवेच्या थवे यायला लागले, उडताना पंखाखाली तो लाल-काळा रंग दिसतो तेव्हा कळलं अग्निपंख का म्हणतात. मला वाटलं होतं एखाद-दोन दिसतील, हजारभर तरी असतील. तिथं एक काका दुर्बीण घेऊन उभे होते, त्यांनी स्वतःहून दिली बघायला आणि लहान रोहित आणि मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच्या दोन जाती, कशा ओळखायच्या ते सांगितलं, लहानाची चोच गडद असते आणि मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी. ते म्हणाले ही ठाणे खाडी २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली, आणि तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पाणथळीसाठी भांडावं लागतं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. मी लातूरची, पाण्यासाठी रेल्वे आलेली बघितलीय २०१६ ला, मला पाण्याच्या जागेसाठी भांडणारा माणूस लगेच आपला वाटला.

सकाळचं उद्यान चालू केलंय, गुरुवारपासून. चार दिवस झाले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आजच एका काकूंनी मान हलवली, पिवळी टोपी घालतात त्या.


खारघरची_आई
१ जून, सकाळी १०:००

बाळा वाचून बरं वाटलं. माझा मुलगा मागच्या वर्षी बंगळूरला इंटर्नशिपला होता, तो पण फोनवर मस्त चाललंय एवढंच सांगायचा, आता मला कळतंय त्याचा अर्थ. तुझ्या आईला खरं सांग, तिला कळतच असतं.

दोन गोष्टी आईच्या नात्याने. छत्री आजच घे, २०२५ ला पाऊस २६ मे लाच येऊन थडकला होता, जूनची वाट बघत बसू नकोस. आणि ऑफिसातल्या मुलांनी पांडवकड्याला चल म्हटलं तर जाऊ नकोस, खारघरचा तो धबधबा लांबून फार सुंदर दिसतो, पण वरून पाण्याचा लोंढा कधी येतो कळत नाही, बाहेरगावची मुलंच तिथे वाहून गेलीत, आम्ही दर पावसाळ्यात ऐकतो. पावसात फिरायचं तर सेंट्रल पार्कला ये, बेलापूरहून मेट्रो आहे आता. आपण भेटू.


पीपीओ_पाहिजे
१ जून, रात्री ११:३०

पाणी आणणाऱ्या रेल्वेचा उल्लेख वाचून थांबलो. मिरजेहून यायची ती गाडी. आमच्याकडे पण तेच दिवस होते. माझा मुद्दा सोडत नाही, पण सकाळी सहाची वेळ कामाच्या आड येत नाही हे मान्य. चालू ठेव.


मांजराकाठची
१४ जून, संध्याकाळी ६:४०

अपडेट देते, आता देण्यासारखं आहे.

उद्यानातल्या काकूंच्या ग्रुपमध्ये मला घेतलं! आठजणी आहेत, एक रिटायर्ड शिक्षिका, एक अजून एपीएमसीत हिशेब बघतात, बाकी घरच्या. चालून झालं की बाकावर बसून पंधरा मिनिटं बोलणं आणि मग सगळ्या घरी. मला त्यांनी काम लावलंय, प्रत्येकीच्या मोबाईलमधलं काही ना काही अडलेलं असतं, कुणाला फोटो पाठवता येत नाही कुणाचं बँकेचं अॅप उघडत नाही, रोज एकीचा मोबाईल. त्या बदल्यात मला घरचा डबा येतो, मी नको म्हटलं तरी येतो, परवा फणसाची भाजी होती, मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. पहिले दोन आठवडे मी सगळ्यांकडं काही मागायला गेल्यासारखी जायचे, वेळ द्या, बोला माझ्याशी. आता सकाळी उठताना वाटतं आज माझी वाट बघतील, शिक्षिकाबाईंचा मोबाईल आहे. ह्या एका गोष्टीनं दिवस बदलला, ऑफिसात पण मी जास्त बोलायलेय, शुक्रवारी डेमोमध्ये दोन प्रश्न विचारले सगळ्यांसमोर.

आता एक विचारायचंय. आगरी_पोर दादांनी त्यांच्या चुलतबहिणीच्या हळदीला बोलावलंय २७ तारखेला घणसोली गावात. जावं का? खूप जावंसं वाटतंय पण मी त्यांना कधी भेटले नाही.


आगरी_पोर_घणसोली
१४ जून, संध्याकाळी ७:१५

अधिक महिना चालू होता म्हणून थांबलेलो, नायतर तुला मे मध्येच दोन-चार हळदींना नेली असती. आमचेकडं लग्नापेक्षा हळद मोठी. उद्या अधिक सरतो, मंग लाईनच लागल, आषाढी एकादशीच्या आत सगली लग्नं उरकायची असतात. विचार करून ठरव, जबरदस्ती नाय.


खारघरची_आई
१४ जून, रात्री ८:००

@आगरी_पोर_घणसोली तुमच्याबद्दल मनात काही नाही, तुम्ही इथे किती वर्षं लिहिताय ते आम्हाला माहीत आहे. पण मुलगी एकटी आहे, इंटरनेटवरच्या ओळखीवर रात्री कुणाच्या घरी जाणं मला पटत नाही. तुमच्या आईंनी आधी पीजीच्या काकूंशी बोलावं. आणि रूममेटला बरोबर घेऊन जावं, लोकेशन घरी पाठवावं, ११२ नंबर डायलला ठेवावा. एवढं झालं तर जावं.


आगरी_पोर_घणसोली
१४ जून, रात्री ८:०५

बरोबर बोलता काकी. माझ्या बहिणीला पन मी असंच सांगितलं असतं. आई उद्या पीजीत जाऊन भेटल.


रात्रपाळी
१५ जून, सकाळी ७:००

खारघरच्या आईंशी सहमत, आणि ज्या पद्धतीने उत्तर आलं त्यावरून सांगते, जा. मी अकरा वर्षं इथे आहे आणि गावठाणातल्या एकाही घरात आतपर्यंत गेलेली नाही, टॉवर आणि गावठाण एकमेकांना खेटून आहेत पण आपण आयटीवाले त्यांच्याकडे फक्त भाड्याची खोली म्हणून बघतो. मला याची खंत आहे.


मांजराकाठची
२८ जून, दुपारी ३:३०

झोप झाली नाही पण आत्ताच लिहिते नाहीतर राहील.

तर दादांची आई पीजीत आल्या, आणि दोन मिनिटांत कळलं की आमच्या पीजीच्या काकू तळवलीच्या, त्यांच्या मावशीचं सासर घणसोली, मग त्या दोघी अर्धा तास तळवलीच्या कुणाकुणाबद्दल बोलत बसल्या आणि मी शेजारी उभी. गेटची वेळ त्या रात्रीपुरती बारा केली, अट एवढीच की काकू स्वतः बरोबर येणार! म्हणजे मी, रात्रपाळीवाली रूममेट, तिनं सुट्टी टाकली, आणि पीजीच्या काकू, असे तिघी गेलो.

दुपारी चारलाच बोलावलं होतं. मला वाटलं पाहुणे म्हणून खुर्चीत बसवतील. गेल्या गेल्या आजींनी विचारलं भाकरी येते का. मी म्हटलं येते, ज्वारीची. त्या म्हणाल्या बस मंग. अंगणात ताडपत्रीखाली पाच चुली, दहा-बारा बायका आणि तांदळाच्या पिठाचा डोंगर. ज्वारीसारखी थापायला गेले तर माझी पहिली भाकरी तव्यावर जाता जाता दोन तुकडे. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढतात, मग गरम असतानाच मळायचं, हाताला चटके बसतात तरी थांबायचं नाही, गार झालं की तडकतं. आणि थापताना सतत पाण्याचा हात. आजींनी माझे हात धरून फिरवून दाखवलं. चौथी भाकरी फुगली तेव्हा सगळ्या बायकांनी ओरडून सांगितलं फुगली फुगली, आणि मग मला कुणी विचारलंच नाही तू कोण कुठली, सरळ अजून पिठाचा गोळा द्यायला लागल्या. पन्नास तरी केल्या असतील मी. आज बोटं लाल आहेत.

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मांडवाच्या ताडपत्रीत पाणी साचून फुगे व्हायचे आणि पोरं बांबूनं वर ढकलून पाणी बाजूला सोडायची, प्रत्येक वेळी कुणीतरी भिजायचंच. संध्याकाळी धवलारीन बाई आल्या. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. लग्नातले विधी ह्या बाई गाण्यातून लावतात, त्या गाण्यांना धवले म्हणतात, त्या एक ओळ म्हणणार आणि बाकीच्या मागून. कागद नाही पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ, त्यांच्या सासूकडून आलेलं म्हणाल्या. नवरीला हळद लागत होती आणि तो सूर, संथ, एकाच लयीत, पावसाचा आवाज वर, मला का कोण जाणे माझ्या आजीची जात्यावरची ओवी आठवली आणि मी रडले. कुणी का रडतेस विचारलं नाही, शेजारच्या वहिनीनं पदर दिला डोळे पुसायला.

मग जेवण आणि मग बेंजो, म्हणजे नाचायला वाजवणारा बँड! सगळ्या पिवळ्या साड्यांत, मला पण एकीनं तिची ओढणी दिली पिवळी. दहा वाजता स्पीकर बंद झाला तरी अंगण थांबलं नाही, टाळ्यांवर नाचलो.

आजींशी थोडं बोलता आलं. म्हणाल्या तुझं हापीस हाय ना महापेला, तिकडं आमची भातशेती होती, तिकडच्या बांधावर मी डबा घेऊन जायची. त्यांच्या घरात इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचा फोटो आहे, देव्हाऱ्याच्या शेजारी. १९८४ च्या जासईच्या आंदोलनाबद्दल त्यांनी सांगितलं, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी उभी राहिलेली माणसं गोळीबारात गेली, घरचे पुरुष गेले होते तिकडं आणि बायका रात्रभर जाग्या होत्या. मी सहा आठवडे त्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये जायलेय, खाली काय होतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. उद्या त्या गेटमधून जाताना मला वेगळं वाटणार आहे.


पारसिक_बोगदा
२८ जून, संध्याकाळी ५:००

धवले ऐकलेस, नशीबवान आहेस. आता म्हणणाऱ्या बायका कमी राहिल्यात. पुढच्या वेळी त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड कर, तुझ्या शिक्षणाचा त्यांना तेवढा उपयोग होऊ दे.


पीपीओ_पाहिजे
२८ जून, रात्री १०:१०

दोनदा वाचलं. मी चार वर्षं रबाळ्याला राहतोय आणि समोरच्या गावठाणात कधी गेलो नाही. कर्ज फिटलं माझं गेल्या वर्षी. निसर्ग उद्यानात सकाळी बॅडमिंटन वगैरे कुणी खेळतं का?


मांजराकाठची
२८ जून, रात्री १०:२५

@पीपीओ_पाहिजे दादा गेटजवळच्या मोकळ्या जागेत चौघं खेळतात, साडेसहाला, त्यातला एकजण जुलैत बदली होऊन चाललाय. रॅकेट घेऊन या, मी ओळख करून देते.


मांजराकाठची
१२ जुलै, रात्री ९:००

शेवटचा आठवडा. ऑफिसचं फायनल प्रेझेंटेशन गुरुवारी आहे, ऑफरचं महिनाभरात कळवतील म्हणाले. मॅनेजर म्हणाल्या तू पहिल्या आठवड्यातली मुलगी वाटत नाहीस.

१ तारखेपासून ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जायलेय, काकूंच्या ग्रुपमधल्या शिक्षिकाबाईंची मुलगी त्या पथकात ताशा वाजवते, तिनं नेलं. यंदा अधिकामुळं गणपती लांबलेत, १४ सप्टेंबरला, म्हणून सराव आत्ता सुरू झाला. संध्याकाळी सात ते नऊ. पहिले तीन दिवस हातात ढोल देतच नाहीत, जुनं टायर पुढ्यात ठेवून टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, कसं धरायचं तेच, मनगट सैल पाहिजे आणि खांदा घट्ट. चौथ्या दिवशी कमरेला ढोल बांधला तेव्हा वजनानं पुढं झुकले, पण पहिला ठोका सगळ्यांबरोबर पडला ना, तीस-पस्तीस ढोल एकदम, तो आवाज कानात येत नाही, छातीत येतो. माझ्या शेजारी एक बारावीतली मुलगी आणि पलीकडं पन्नाशीचे बँकेतले काका, तिघांचा हात एका वेळी पडला पाहिजे एवढंच तिथं बघतात.

मिरवणुकीत मला वाजवता येणार नाही, तेवढा सराव होत नाही आणि कॉलेज सुरू होतंय. पण पथकाच्या ताई म्हणाल्या गणपतीला आलीस तर ध्वज देईन हातात. १४ ला सोमवार आहे. शुक्रवारी रात्री लातूरहून निघाले तर शनिवारी सकाळी ठाण्यात. आईला विचारलंय, ती म्हणाली मला पण घेऊन चल.


खारघरची_आई
१२ जुलै, रात्री ९:२०

आईला माझ्याकडे उतरव. खोली रिकामीच आहे.


आगरी_पोर_घणसोली
१८ जुलै, रात्री ११:०५

ताईला आत्ता ठाण्याला लातूरच्या गाडीला बसवून आलो, आई, मी आणि पीजीच्या काकी. पारसिक काका पण आलेले फलाटावर, पहिल्यांदाच भेटलो, मिसळीचा मसाला घेऊन आलेले. आजीनं तांदलाचं पीठ दिलंय पाच किलो, बॅग उचलत नव्हती.


पूर्णाकाठचा
१९ जुलै, दुपारी १२:४०

नमस्कार, पूर्ण धागा वाचला. मी अमरावतीचा, उद्यापासून महापेलाच सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, कोपरखैरण्यात कालच रूम घेतली. इथे कुणालाच ओळखत नाही. कुठून सुरुवात करू?


मांजराकाठची
१९ जुलै, दुपारी १:१५

उद्या सकाळी सहाला सेक्टर १४, निसर्ग उद्यान. पाऊस असला तरी जा, त्या येतात, छत्र्या घेऊन चालतात. पिवळ्या टोपीच्या काकू दिसतील, त्यांना सांग लातूरच्या पोरीनं पाठवलंय, आणि त्यांचा मोबाईल मागून घे, व्हिडिओ कॉलचा आवाज येत नाही परवापासून, माझं बघायचं राहून गेलं.